लिनक्समध्ये प्रोसेसांचा आपसातला संवाद कर्नलने सांभाळावा का? (केडीबस आणि बाइंडरच्या निमित्ताने)

गोदाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. लिनक्सवर प्रत्येक प्रोसेसला स्वतःची स्वतंत्र मेमरी असते आणि शेजारच्या प्रोसेसच्या मेमरीत तिला डोकावता येत नाही. ही भिंत आहे म्हणूनच एक प्रोग्राम कोसळला तरी बाकीचे तगून राहतात. मात्र दोन प्रोसेसांना एकमेकींशी बोलायचे असेल, तर या भिंतीत कुठेतरी खिडकी ठेवावी लागते आणि ती कर्नललाच, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यालाच, ठेवावी लागते. खिडकी केवढी असावी, यावर गेली अनेक वर्षे वाद चालू आहे. त्यावर आपल्याकडे मराठीतून सविस्तर चर्चा व्हावी, असे वाटल्याने हा धागा काढत आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. युनिक्समध्ये १९७३ साली डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहामुळे केन थॉम्पसन यांनी पाइप आणला. १९८३ च्या सुमारास एकीकडून सिस्टम फाइव्हचे मेसेज क्यू, सेमाफोर आणि शेअर्ड मेमरी आले, तर दुसरीकडून ४.२ बीएसडीचे सॉकेट आले. लिनक्सने हा सगळा वारसा घेतला. परंतु डेस्कटॉपला याहून अधिक काही हवे असते: सेवा नावाने शोधता यावी, तिच्याकडे काम सोपवून उत्तर मिळवता यावे आणि एका घटनेची वार्ता अनेकांना एकदम कळावी. ग्नोमने त्यासाठी कोर्बा वापरून पाहिले, केडीईने डीकॉप लिहिले आणि २००२ पासून या दोहोंची जागा घेणारा डी-बस घडत गेला. २००६ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. डी-बसमध्ये संदेश पोहोचवणारा मध्यस्थ हा यूजरस्पेसमधला, म्हणजे कर्नलबाहेर चालणारा, एक साधा डीमन (पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्राम) आहे.

ऑक्टोबर २०१४ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन, डॅनियल मॅक, डेव्हिड हेरमन आदींनी हा मध्यस्थच कर्नलमध्ये नेणारे केडीबस मांडले आणि एप्रिल २०१५ मध्ये ४.१ आवृत्तीत ते घ्यावे अशी विनंती केली. ते कर्नलमध्ये आले नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत निघालेल्या ३.१९ आवृत्तीत मात्र अँड्रॉइडमधल्या प्रोसेसांचा संवाद सांभाळणारा बाइंडर स्टेजिंगमधून (अजून पक्क्या न झालेल्या कोडच्या विभागातून) बाहेर पडून रीतसर कर्नलचा भाग झाला. माझ्या मते केडीबस बाहेर राहिले हे योग्यच झाले. कर्नलने संदेश पोहोचवण्याची यंत्रणा द्यावी. कोणी कोणाशी बोलावे, कोणाचे नाव काय आणि कोणाला काय ऐकू यावे, हे ठरवणे कर्नलचे काम नव्हे. मग बाइंडरला वेगळा न्याय का, हा प्रश्न मला सुटत नाही. आपली मते वाचायला आवडतील.

रानवारा

विषय मांडल्याबद्दल मनापासून आभार, परंतु निष्कर्षाशी मी सहमत नाही. मी पुण्यात वाहनांच्या इन्फोटेनमेंट प्रणालींवर काम करतो. गाडी सुरू केल्यावर काही क्षणांत मागच्या कॅमेऱ्याचे चित्र दिसले पाहिजे, आणि त्याच क्षणी पन्नासेक सेवा डी-बसवर एकदम बोलू लागलेल्या असतात. केडीबसच्या निर्मात्यांनी मांडलेला हिशेब असा होता की, जुन्या पद्धतीत एक विनंती आणि तिचे उत्तर यांत मिळून संदेशाच्या दहा कॉपी, चार तपासण्या आणि चार कॉन्टेक्स्ट स्विच (प्रोसेसर एका प्रोसेसकडून दुसरीकडे जाणे) होतात, तर केडीबसमध्ये फार तर दोन कॉपी, दोन तपासण्या आणि दोन स्विच होतात. डेस्कटॉपवरच्या वापरकर्त्याला हा फरक जाणवणारही नाही. लहान प्रोसेसरवर काम करणाऱ्याला तो रोज जाणवतो.

ही मागणी काही केडीबसपासून सुरू झालेली नाही. २०१२ मध्ये वाहन उद्योगाच्या जेनिव्ही या संघटनेच्या गरजेतून कोलॅबोराने एएफ_बस नावाचा सॉकेटचा नवा प्रकार मांडला होता आणि नेटवर्क विभाग सांभाळणाऱ्या डेव्हिड मिलर यांनी तो नाकारला. दोन वेगवेगळ्या गटांनी दोन वेगवेगळ्या वाटांनी एकच गोष्ट मागितली, तर गरज खरी आहे असे मानायला हवे.

शुभदा_कु

रानवारा, गरज खरी होती याबद्दल दुमत नाही. प्रश्न उपायाचा आहे.

जून २०१५ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी एका पत्रात या वेगाच्या मुद्द्यावर स्पष्ट नाराजी नोंदवली होती. त्यांचे म्हणणे असे की, वेळ जातो तो मुख्यतः यूजरस्पेसमधल्या कोडमध्येच, आणि तो कोड सुधारला तर कर्नलमध्ये काहीही न नेता पुष्कळ फायदा पदरात पडेल. पुढे तसेच घडले. डेव्हिड हेरमन आणि टॉम गुंडरसन यांनी २०१७ मध्ये डीबस-ब्रोकर हा मध्यस्थ नव्याने लिहिला आणि २०१९ च्या फेडोरा ३० या लिनक्स वितरणापासून तो तिथे डिफॉल्ट झाला. तो केवळ लिनक्ससाठी आहे, प्रत्येक वापरकर्त्याच्या नावावर किती मेमरी चढली याचा चोख हिशेब ठेवतो, आणि एखाद्या ग्राहकाने संदेश वाचायचेच थांबवले तर त्याचा भार इतरांवर पडू देत नाही. केडीबसमागचे एक प्रमुख लेखकच यूजरस्पेसमध्ये परतून हे करून दाखवतात, यापेक्षा वेगळा पुरावा मला नको.

एकलव्य

धाग्यात एक तपशील नोंदवून ठेवायला हवा. केडीबस औपचारिकरीत्या नाकारले गेले नव्हते. वर उल्लेख आलेल्या त्याच पत्रात टोरवाल्ड्स यांनी आपल्या विभागप्रमुखांवर, विशेषतः ग्रेग यांच्यावर विश्वास असल्यामुळे ते घेण्याकडेच आपला कल असल्याचेही लिहिले होते. निर्मात्यांनीच ते मागे घेतले आणि २०१५ च्या अखेरीस फेडोराच्या रॉहाइड या विकासशाखेतूनही ते काढण्यात आले. २०१६ मध्ये याच मंडळींनी बस१ हा पूर्णपणे नवा आराखडा मांडला. त्यात मध्यस्थ नव्हता, नावांची नोंदवही नव्हती. एका प्रोसेसने दुसरीला दिलेले अधिकाराचे हँडल एवढेच होते. तोही कर्नलमध्ये गेला नाही, परंतु आराखडा म्हणून मला तो केडीबसपेक्षा कितीतरी स्वच्छ वाटतो.

गोदाकाठ

एकलव्य, आभार. बस१ चा मुद्दा महत्त्वाचा आहे. केडीबसमधले नेमके काय खटकले, हे त्यावरून कळते. कोणी त्यावर सविस्तर लिहील का?

शुभदा_कु

प्रयत्न करते. मला तीन आक्षेप वजनदार वाटतात.

अँडी लुटोमिरस्की आणि एरिक बीडरमन यांचा रोख अधिकारांवर होता. केडीबस प्रत्येक संदेशासोबत पाठवणाऱ्याची माहिती जोडू शकत असे: त्याचा यूजर, कमांड लाइन, सीग्रुप (प्रोसेसांचा गट), कॅपॅबिलिटी (प्रोसेसला मिळालेले विशेष अधिकार). वरवर पाहता हे सोयीचे वाटते. पण युनिक्समध्ये फाइल एकदा उघडली की उघडण्याच्या क्षणाचा अधिकार चालतो, नंतर लिहिताना प्रोसेस कोण होती याला महत्त्व नसते. अधिक अधिकार असलेल्या प्रोसेसला फसवून दुसऱ्याच्या वतीने लिहायला लावणे यामुळे अवघड होते. संदेश पाठवतानाच्या अधिकारांवर निर्णय घेऊ लागलो, तर ही फसवणूक पुन्हा सोपी होते. शिवाय एखाद्या सेवेने कॅपॅबिलिटी पाहून काम करायचे ठरवले, की कर्नलची अंतर्गत परवानगीव्यवस्था बाहेरच्या शेकडो प्रोग्रामांच्या करारात कायमची अडकते.

दुसरा आक्षेप मेमरीच्या हिशेबाचा. संदेश थेट घेणाऱ्याच्या राखीव जागेत लिहिला जाई. ती जागा कोणाच्या खात्यावर मोजायची आणि ती भरली तर थांबायचे कोणी, याची उत्तरे समाधानकारक नव्हती.

तिसरा आक्षेप मला सर्वांत बोलका वाटतो. एक वार्ता अनेकांना पाठवताना ती कोणाला हवी आहे हे ठरवण्यासाठी केडीबसने कर्नलमध्ये ब्लूम फिल्टर (जुळणी आहे का हे झटपट, अंदाजाने सांगणारी रचना) ठेवले होते. एखाद्या ग्राहकाला ध्वनीची पातळी बदलल्याची वार्ता हवी आहे की नाही, याचा विचार कर्नल करू लागला, तर मर्यादा ओलांडली गेली आहे असे समजावे.

डॉ. माधव

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात ऑपरेटिंग सिस्टिम शिकवतो. ही चर्चा वाचताना सतत जाणवत होते की, आपण १९९२ चाच वाद उलट्या बाजूने वाचत आहोत.

२९ जानेवारी १९९२ रोजी अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी लिनक्स कालबाह्य आहे असे जाहीरपणे लिहिले. एकसंध कर्नल लिहिणे म्हणजे सत्तरच्या दशकात परत जाणे होय, असा त्यांचा आरोप होता. फाइल व्यवस्था, ड्रायव्हर, मेमरी व्यवस्थापन हे सगळे स्वतंत्र प्रोसेस असावेत आणि त्यांनी एकमेकांशी संदेशांद्वारे बोलावे, असे त्यांचे प्रतिपादन. सैद्धांतिक दृष्टीने अशी रचना, म्हणजे मायक्रोकर्नल, अधिक देखणी आहे, हे टोरवाल्ड्स यांनीही तेव्हा मान्य केले होते. अडचण वेगाची होती. कार्नेगी मेलनचा माख हा त्या काळचा आदर्श मायक्रोकर्नल, आणि त्यावर संदेश पाठवणे इतके महाग होते की, संदेशांवर उभी असलेली सगळी रचनाच मंद आहे असा समज रूढ झाला.

तो समज योखेन लीट्के यांनी मोडला. १९९३ मध्ये त्यांनी ५० मेगाहर्ट्झच्या ४८६ प्रोसेसरवर दाखवले की, माखला छोट्या संदेशासाठी ११५ मायक्रोसेकंद लागतात तिथे त्यांच्या एल३ कर्नलला ५ पुरतात. दोष संदेशपद्धतीत नव्हता. माखने संदेशाच्या मार्गावर परवानग्या, रांगा आणि बफर यांचा एवढा पसारा मांडून ठेवला होता की, प्रोसेसरची कॅशच त्याने भरून जाई. पुढे १९९५ मध्ये लीट्के यांनी कसोटी घालून दिली: एखादी गोष्ट कर्नलबाहेर ठेवल्यामुळे प्रणालीला आवश्यक असलेले कार्य अशक्यच होत असेल, तरच ती कर्नलमध्ये असावी.

आता २०१५ कडे पाहा. डी-बस मंद आहे म्हणून तो कर्नलमध्ये हवा, असा दावा झाला आणि मंदपणा जागेचा नाही, कोडचा आहे, असे उत्तर मिळाले. लीट्के यांनी माखबद्दल नेमके हेच सांगितले होते. जगातील सर्वांत यशस्वी एकसंध कर्नलने संदेशवहनाबाबत मायक्रोकर्नलची कसोटी लावली, आणि मला ते फार समाधानाचे वाटते.

रानवारा

माधव सर, आपला प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचला. तरीही एक गोष्ट मांडतो. लीट्के यांचा कर्नल वेगवान झाला, कारण संदेश पाठवणाऱ्या थ्रेडकडून घेणाऱ्या थ्रेडकडे प्रोसेसर थेट सोपवला जाई. मध्ये रांग नाही, शेड्युलर नाही. क्यूएनएक्समध्येही असेच आहे, आणि तिथे घेणाऱ्याला पाठवणाऱ्याची प्राथमिकतादेखील मिळते. लिनक्सवर यूजरस्पेसमधला मध्यस्थ आला की हा धागा तुटतो. तातडीच्या प्रोसेसने संदेश दिला तरी मध्यस्थ स्वतःच्या सामान्य प्राथमिकतेने चालतो, आणि तेवढ्यात एखादा मधल्या प्राथमिकतेचा प्रोग्राम प्रोसेसर धरून बसला, तर तातडीचे काम खोळंबते. मध्यस्थाचा कोड कितीही उत्तम लिहिला तरी हा प्रश्न सुटत नाही. म्हणजे लीट्के यांच्याच कसोटीवर, निदान एवढी गोष्ट तरी कर्नलमध्ये असायला हवी.

तळ्यात_मळ्यात

रानवारा यांच्या या प्रतिसादात बाइंडरच्या कोड्याचेही उत्तर दडलेले आहे. बाइंडर नेमके हेच करतो.

कोकणकडा

बाइंडरबद्दल थोडे लिहितो, कारण अँड्रॉइडच्या खालच्या थरांत माझा बराच काळ गेला आहे.

बाइंडरचे मूळ बी आणि पामसोर्स या कंपन्यांतल्या ओपनबाइंडरमध्ये आहे. डायन हॅकबॉर्न यांच्यासारखी तिथली मंडळी पुढे अँड्रॉइडमध्ये आली. त्यात कर्नल तीन गोष्टी करतो, आणि त्या यूजरस्पेसमधून तितक्या नेमकेपणाने करणे फार अवघड आहे. संदेश पाठवणाऱ्याची प्राथमिकता घेणाऱ्या थ्रेडपर्यंत नेतो. प्रत्येक सेवेच्या किती हँडल कोणाकडे आहेत हे मोजून ठेवतो, आणि हँडल दिल्याशिवाय कोणालाही त्या सेवेशी बोलता येत नाही. एखादी प्रोसेस मेली तर तिच्यावर अवलंबून असलेल्यांना तशी सूचना देतो. फोनवर मेमरी कमी पडली की प्रोसेस सतत मारल्या जातात, त्यामुळे ही तिसरी सोय नसेल तर अँड्रॉइड उभाच राहू शकणार नाही.

याउलट नावांची नोंदवही बाइंडरने कर्नलमध्ये ठेवलेली नाही. सर्व्हिस मॅनेजर ही एक वेगळी प्रोसेस आहे आणि नावावरून हँडल देण्याचे काम ती करते. धागाकर्त्यांनी यंत्रणा आणि धोरण असा जो भेद केला आहे, तो बाइंडर केडीबसपेक्षा अधिक पाळतो. मर्यादाही कडक आहेत: एका प्रोसेसच्या सर्व चालू व्यवहारांना मिळून सुमारे १ एमबी जागा मिळते, आणि मोठे चित्र संदेशात कोंबू पाहणाऱ्या अ‍ॅपला थेट त्रुटी (एक्सेप्शन) मिळते.

शुभदा_कु

कोकणकडा, माहिती उत्तम आहे, पण बाइंडर कर्नलमध्ये आला तो आराखड्याच्या गुणावर, असे चित्र उभे राहायला नको. २००९ मध्ये तो स्टेजिंगमध्ये आला, मध्यंतरी काढला गेला, २०१२ मध्ये परतला. तोवर कोट्यवधी फोन त्यावर चालत होते आणि त्याचा इंटरफेस बदलण्याची शक्यताच उरली नव्हती. आधी जगभर पसरायचे आणि मग कर्नलला स्वीकारायला लावायचे, हा पायंडा मला घातक वाटतो. केडीबसच्या लेखकांनी रीतसर आधी चर्चेला आणले आणि त्यांना सगळे आक्षेप झेलावे लागले.

कर्नलमध्ये नेण्याची किंमतही विसरू नये. २०१९ मध्ये बाइंडरमध्ये सापडलेल्या, मोकळी केलेली मेमरी पुन्हा वापरली जाण्याच्या बगमुळे फोनचा संपूर्ण ताबा मिळवता येत होता आणि प्रत्यक्षात तसा वापर होत असल्याची चिन्हेही होती. अ‍ॅपच्या सँडबॉक्समधूनही बाइंडर गाठता येतो, म्हणून तिथली चूक इतकी महाग पडते. यूजरस्पेसमधल्या मध्यस्थात अशी चूक झाली असती, तर त्या एका प्रोसेसचा ताबा गेला असता.

कोकणकडा

शुभदाताई, हे मान्यच करावे लागेल. याच कारणासाठी बाइंडर रस्ट या मेमरीच्या चुका टाळणाऱ्या भाषेत नव्याने लिहिला गेला आणि २०२५ च्या ६.१८ आवृत्तीत तो कर्नलमध्ये आला. इतके गुंतागुंतीचे लॉक आणि इतक्या वस्तूंची आयुर्मर्यादा सी भाषेत हाताने सांभाळणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे, असे माझे मत आहे.

निशिगंध_०९

मी शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी आहे. चर्चा समजते आहे, पण एक मूलभूत शंका आहे. दोन प्रोसेसांना मोठी माहिती, समजा व्हिडिओची एक चौकट, एकमेकींना द्यायची असेल, तर या सगळ्यांपैकी काय वापरावे? महाविद्यालयात आम्हाला पाइप आणि सिस्टम फाइव्हची शेअर्ड मेमरी एवढेच शिकवले आहे.

डॉ. माधव

निशिगंध, शंका अगदी योग्य ठिकाणी आली आहे. पाइप इथे उपयोगाचा नाही. लिनक्सवर त्याची क्षमता सहसा ६५,५३६ बाइट असते आणि ४,०९६ बाइटपर्यंतचेच लेखन अखंड राहण्याची हमी असते. दोन प्रोसेस दोन पाइपांनी एकमेकींना लिहीत बसल्या आणि दोन्ही पाइप भरले, तर दोघीही कायमच्या थांबतात. प्रयोगशाळेत विद्यार्थी हमखास इथेच अडकतात.

मोठ्या माहितीसाठी मेमफड वापरावे. मेमफड_क्रिएट या सिस्टम कॉलने नाव नसलेली, केवळ मेमरीत असलेली फाइल मिळते. तीत चौकट लिहावी, मग तिच्यावर सील लावावे म्हणजे पुढे कोणालाही ती बदलता किंवा लहान करता येणार नाही, आणि तिचा फाइल डिस्क्रिप्टर युनिक्स डोमेन सॉकेटवरून एससीएम_राइट्सने दुसऱ्या प्रोसेसला द्यावा. समोरची प्रोसेस ती मेमरी आपल्याकडे मॅप करून घेते. एका बाइटचीही कॉपी होत नाही. वेलँड (पडद्यावरच्या खिडक्या दाखवणारी यंत्रणा) चित्रांचे बफर सॉकेटवरून डिस्क्रिप्टर देऊनच पोहोचवते. या धाग्याच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे, मेमफड आणि सील ही सोय केडीबसच्या गरजेतूनच निघाली आणि २०१४ मध्ये ३.१७ आवृत्तीत कर्नलमध्ये आली.

गोदाकाठ

माधव सरांचा शेवटचा मुद्दा मला माझ्या मूळ प्रश्नाकडे घेऊन जातो. केडीबस पूर्ण रूपात आले नाही, पण त्यातला सर्वांना उपयोगी पडणारा, कोणतेही धोरण न लादणारा तुकडा सुटा होऊन आला आणि टिकला. फ्यूटेक्स ही लॉकची सोयही अशीच: लॉक मोकळे असेल तर दोन प्रोसेस शेअर्ड मेमरीतच आपसात निभावून नेतात, आणि खरोखर थांबण्याची वेळ आली तरच कर्नलला हाक मारतात. माझा आग्रह अशा तुकड्यांचा आहे.

एकलव्य

इथे २०१८ मध्ये उघड झालेल्या मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या सुरक्षादोषाचाही विचार व्हावा. त्यावरच्या उपायाने कर्नलची आणि प्रोसेसची पानसारणी (मेमरीच्या पत्त्यांचा तक्ता) वेगळी झाली आणि अनेक जुन्या प्रोसेसरांवर प्रत्येक सिस्टम कॉल महागला. तेव्हापासून कर्नलमध्ये जाण्याच्या खेपाच कमी करणे अधिक लाभाचे ठरते. जेन्स अ‍ॅक्सबो यांची २०१९ ची आयओ_यूरिंग ही वाचन-लेखनाची सोय याच विचाराने सामायिक मेमरीतल्या रांगांवर उभी आहे.

तळ्यात_मळ्यात

आणि केडीबसचा दुसरा मोठा दावा, म्हणजे प्रणाली सुरू होताना मध्यस्थ डीमन उठण्यापूर्वी सेवांनी बोलायचे कसे, त्याला सिस्टमडीने (लिनक्सवर सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेने) आता व्हार्लिंकचे उत्तर दिले आहे. युनिक्स सॉकेटवर जेसनचे संदेश, प्रत्येकाच्या शेवटी एक शून्य बाइट, मध्यस्थ कोणीच नाही. एकाच घटनेची वार्ता अनेकांना देण्यासाठी ते डी-बसइतके सोयीचे नाही, पण सुरुवातीच्या टप्प्यात तशी गरज क्वचितच पडते.

रानवारा

इतक्या चर्चेनंतर माझे म्हणणे अधिक नेमके करतो. नावांची नोंदवही, ब्लूम फिल्टर, संदेशासोबत कॅपॅबिलिटी, हे काहीही मला कर्नलमध्ये नको. शुभदाताईंचे आक्षेप मला पटले आहेत. मोठ्या माहितीसाठी मेमफड आहे, सुरुवातीच्या टप्प्यासाठी थेट सॉकेट आहेत. उरते ते एकच: युनिक्स डोमेन सॉकेटवर विनंती पाठवून उत्तराची वाट पाहणाऱ्या प्रोसेसची प्राथमिकता, उत्तर मिळेपर्यंत, विनंती हाताळणाऱ्या थ्रेडला मिळावी. फ्यूटेक्समध्ये लॉक धरणाऱ्या थ्रेडला अशी प्राथमिकता देण्याची सोय २००६ पासून आहे, बाइंडरमध्ये ती आहे, सर्वसाधारण सॉकेटवर नाही. अडचण अशी की, सॉकेटच्या पलीकडे कोणता थ्रेड वाचणार आहे हे कर्नलला आधी माहीत नसते, आणि मध्ये डीबस-ब्रोकर असेल तर साखळी दोन टप्प्यांची होते. गोदाकाठ, ही मागणी तुमच्या यंत्रणेच्या व्याख्येत बसते का?

गोदाकाठ

बसते. वाचणाऱ्या थ्रेडने या सॉकेटवरच्या विनंत्या मीच हाताळणार असे आधी कर्नलला सांगून ठेवले, तर तुमची पहिली अडचण सुटावी असे वाटते. कोण कोणाशी बोलते यात कर्नलला तिथेही पडावे लागत नाही. मध्यस्थ असलेल्या साखळीचे काय करायचे, हे माझ्याकडे नाही. कोकणकडा, एका बाइंडर व्यवहारातून दुसरा व्यवहार निघतो तेव्हा प्राथमिकता पुढे कशी नेली जाते, ते सवडीने लिहाल का?